इंडेक्स फंडाच्या जोडीला स्वतः निवडलेले 'स्वच्छ' शेअर: रेटिंग पाहून घेतले तर चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36, नोकरी पुण्यात, निफ्टी इंडेक्स फंडात एसआयपी नियमित चालू. आता साधारण 20 लाख रुपये स्वतः निवडलेल्या शेअरमध्ये पंधरा वर्षांसाठी ठेवायचे आहेत. तंबाखू, दारू आणि नद्या नासवणाऱ्या कंपन्या नकोत. ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांतली वागणूक) रेटिंग चांगलं असलेल्या वीस कंपन्या घ्याव्यात, की सरळ ईएसजी फंड घ्यावा? शिवाय वडिलांकडून वारशाने आलेले सिगारेट कंपनीचे शेअर आहेत, त्यांचं काय करावं?

नावांची यादी मी देणार नाही. एक तर शेअरची शिफारस करायला बाजार नियामक सेबीची नोंदणी लागते. दुसरं म्हणजे, उसनी यादी घेऊन बसलात तर बाजार पहिल्यांदा 30 टक्के कोसळेल तेव्हा कोणता शेअर ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे तुम्हाला ठरवता येणार नाही. खाली जी नावं येतील ती घडून गेलेल्या घटनांपुरतीच आहेत.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कंपनीचे आकडे आणि मालक विश्वासू आहेत का? कंपनी नफा कमावताना कामगार, पुरवठादार आणि आजूबाजूचं गाव यांच्याशी कशी वागते? आणि आज जो भाव मागितला जातोय तो रास्त आहे का? रेटिंग दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर देतं, पहिल्याचं त्याहून कमी, आणि तिसऱ्याचं अजिबात देत नाही.

आधी तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू. सगळ्यात मोठी गोष्ट वेळ. एका कंपनीचा वार्षिक अहवाल नीट वाचायला सात-आठ तास लागतात, चार तिमाही निकालांना प्रत्येकी तासभर. म्हणजे वर्षाला कंपनीमागे बारा तास, आणि पंधरा कंपन्यांचे 180 तास. एवढं करून तुम्ही निर्देशांकापेक्षा दरसाल 2 टक्के जास्त कमावलेत, तर 20 लाखांवर ते 40,000 रुपये होतात, म्हणजे तासाला सव्वादोनशेच्या आसपास. तेही जमलं तर. पूर्णवेळ हेच काम करणाऱ्या बऱ्याच फंड व्यवस्थापकांना दीर्घ काळात ते जमत नाही. वाचायची आवड असेल तर हा सौदा वाईट नाही, कारण शिकलेलं पुढे मोठ्या रकमेला लागू पडतं. आवड नसेल तर ईएसजी फंड घेऊन मोकळे व्हा, त्यात कमीपणा काही नाही. दुसरी गोष्ट घसरण. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली आला होता. या 20 लाखांचे कागदावर आठ लाख दिसले तर घराचा हप्ता किंवा मुलांची फी अडणार असेल, तर आधी रक्कम कमी करा.

आता 'नको' असलेल्या कंपन्या. तंबाखूपुरतं बोलायचं तर तुमच्या इंडेक्स फंडात आयटीसी आहेच, कारण ती निफ्टी 50 मध्ये आहे. ते खटकत असेल तर निफ्टी 100 ईएसजी कुटुंबातल्या निर्देशांकांत तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रास्त्रं वगळलेली असतात, आणि त्यांवर आधारित ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) मिळतो. स्वतःच्या निवडीत मात्र सीमा आकड्यात लिहून ठेवा. उदाहरणार्थ, 'नको असलेल्या धंद्यातून 5 टक्क्यांपेक्षा जास्त महसूल येत असेल तर कंपनी बाद.' आकडा नसेल तर भाव वर जायला लागला की मन पळवाटा शोधतं.

सीमा किती धूसर असते हे आपल्याकडच्या साखर कंपन्यांत दिसतं. अहवालात साखर, सहवीजनिर्मिती आणि आसवनी (डिस्टिलरी) असे तीन विभाग वेगळे दाखवलेले असतात. आसवनीतलं इथेनॉल तेल कंपन्यांकडे पेट्रोलमध्ये मिसळायला जातं, आणि त्याच आसवनीतलं एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल मद्य उत्पादकांकडे. विभागाचा एकूण महसूल पाहून हे कळत नाही. विक्रीची फोड व्यवस्थापनाच्या विवेचनात किंवा निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलच्या लिखित प्रतीत शोधावी लागते. तिथेही नसेल तर कंपनी सेक्रेटरीला ईमेल करा. त्याचा पत्ता प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर असतो आणि मुद्देसूद प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर येतं. ज्या कंपनीकडून येत नाही तिच्याबद्दलही काहीतरी कळलंच.

रेटिंगवर किती विसंबावं? सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण पुरेसं आहे. सप्टेंबर 2008 मध्ये कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदातल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. बाहेरून गुण देणारा जी माहिती कंपनी देते तीच तपासतो, आणि माहिती सफाईदारपणे मांडणारी मोठी कंपनी साहजिकच वर जाते. शिवाय एकाच कंपनीला दोन संस्था अगदी वेगळे गुण देतात, कारण प्रत्येकीचं वजनमाप वेगळं. 2023 पासून रेटिंग देणाऱ्या संस्था सेबीच्या नियमनाखाली आल्या आहेत हे चांगलं झालं, पण त्याने मूळ अडचण सुटत नाही. रेटिंगचा उपयोग एवढाच करा: गुण अचानक घसरले तर कारण काय दिलंय ते वाचा.

वार्षिक अहवाल कुठून वाचायला लागायचं यावर बरंच अवलंबून आहे. अध्यक्षांचं निवेदन आणि रंगीत पानं शेवटी. सुरुवात ऑडिटरच्या अहवालापासून करा. 'अभिप्राय' सशर्त आहे का, 'लक्ष वेधतो' अशा मथळ्याखाली काही आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. मग त्याला जोडलेलं कारो 2020 चं (ऑडिटरने ठरावीक मुद्द्यांवर उत्तरं द्यायचा सरकारी आदेश) परिशिष्ट उघडा. कंटाळवाणं दिसतं म्हणून बहुतेक जण ते ओलांडून जातात, आणि कामाच्या गोष्टी तिथेच असतात. कलम 2 (ब) मध्ये ऑडिटरला सांगावं लागतं की 5 कोटींपेक्षा जास्त खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी बँकेला दिलेली तिमाही विवरणपत्रं कंपनीच्या वह्यांशी जुळतात का. जुळत नसतील तर फरकाचा तक्ता असतो. बँकेला साठा 210 कोटींचा सांगितलाय आणि वहीत 164 कोटी आहे, असं काही दिसलं तर पुढे वाचायची गरज उरत नाही. कलम 7 (ब) मध्ये वादात अडकलेले कर असतात, 9 (ड) मध्ये अल्पमुदतीचा पैसा दीर्घमुदतीच्या कामात घातला का ते, 11 (क) मध्ये आतल्या माणसांच्या तक्रारी, आणि 18 मध्ये वर्षात ऑडिटरने राजीनामा दिला असेल तर त्याची नोंद.

ऑडिटरचा मुदतीआधीचा राजीनामा हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा लाल दिवा. मे 2018 मध्ये मनपसंद बेव्हरेजेसच्या ऑडिटरने वार्षिक निकालाच्या तोंडावर राजीनामा दिला. पुढे शेअर सावरलाच नाही. 'पूर्वनियोजित व्यस्ततेमुळे' किंवा 'मानधनावर एकमत न झाल्याने' असलं कारण दिलेलं असलं तरी ते गंभीरच धरायचं. दहा वर्षांनी नियमानुसार ऑडिटर फर्म बदलणं मात्र वेगळं, तो कायद्याने ठरवलेला क्रम आहे.

यानंतर आकडे. एक काल्पनिक रसायन कंपनी घेऊन दाखवतो, म्हणजे काय शोधायचं ते लक्षात येईल. पाच वर्षांचा करोत्तर नफा मिळून 640 कोटी. त्याच पाच वर्षांत कामकाजातून आलेली रोख 390 कोटी. म्हणजे कागदावरच्या शंभर रुपयांपैकी हातात आले 61. घसारा धरता निरोगी उत्पादन कंपनीत हे प्रमाण पाच वर्षांच्या बेरजेत 90 ते 100 च्या वर असायला हवं. एका वर्षाचं प्रमाण बघू नका, ते साठा वाढला-उतरला की हलतं. मग उरलेले पैसे अडकले कुठे? येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, 72 दिवसांवरून 118 दिवसांवर गेलेली दिसतात. येण्यांच्या वयोमानाचा तक्ता टिपांमध्ये असतो. त्यात एक ते दोन वर्षं जुनी रक्कम फुगत असेल तर माल विकला गेला नसून वितरकाच्या गोदामात ढकलला गेलाय असा संशय घ्यायला जागा आहे.

पुढची तपासणी दोन आकड्यांची आहे, पण फार बोलकी. ताळेबंदात वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची रोख व मुदत ठेवी यांची सरासरी 420 कोटी. 'इतर उत्पन्न' या टिपेत बँक ठेवींवरचं व्याज 9 कोटी. म्हणजे 2.1 टक्के. ठेवींवर 6-7 टक्के मिळत असताना 2.1 का? एक शक्यता अशी की पैसा फक्त 31 मार्चला खात्यात दिसतो आणि बाकीचं वर्ष दुसरीकडे फिरतो. दुसरी, तो नाहीच. चालू खात्यात मोठी शिल्लक लागणारे काही प्रामाणिक धंदेही असतात, उदाहरणार्थ ग्राहकांचे आगाऊ पैसे सांभाळणारे. पण मग कंपनीने ते समजावून सांगायला हवं. जोडीला असाच एक बारीक प्रश्न: एवढी रोख आहे, मग 300 कोटींचं कर्ज 9 टक्क्यांनी कशाला घेतलंय?

तिसरी जागा म्हणजे संबंधित पक्षांबरोबरच्या व्यवहारांची टीप. प्रमोटरच्या (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकाच्या) खासगी कंपनीला भाडं, भावाच्या कंपनीकडून कच्चा माल, उपकंपनीला बिनव्याजी कर्ज, 'ब्रँड वापराचं' शुल्क. पाच वर्षांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहा. विक्री 12 टक्क्यांनी वाढतेय आणि प्रमोटरच्या कंपनीला जाणारी रक्कम 35 टक्क्यांनी, तर पैसा कोणत्या दिशेला वाहतोय ते स्पष्ट आहे. सत्यममध्येही पहिला धक्का कबुलीपत्राचा नव्हता. डिसेंबर 2008 मध्येच राजू कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरला घ्यायचा प्रस्ताव आला होता आणि गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो काही तासांत मागे घ्यावा लागला. त्या दिवशी विकून बाहेर पडायला तीन आठवडे हातात होते.

प्रमोटरने गहाण ठेवलेले शेअर दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये दिसतात. प्रमोटरच्या हिश्श्याच्या 10 टक्क्यांपर्यंत प्लेज असेल तर कारण विचारा, 25 च्या वर असेल तर सोडून द्या. भाव पडला की सावकार तारण विकतो, त्याने भाव आणखी पडतो, आणि या फेऱ्यात धंदा चांगला असूनही लहान भागधारक चिरडला जातो.

आता तुमच्या 'नद्या नासवणाऱ्या' मुद्द्याकडे. बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल सक्तीचा आहे. तो वार्षिक अहवालातच असतो. नऊ तत्त्वांपैकी तुम्हाला मुख्यतः चार लागतील. तत्त्व 1 मध्ये दंड आणि शिक्षा, तसंच पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले ते. तत्त्व 3 मध्ये अपघात आणि मृत्यू, कर्मचारी आणि कामगार वेगवेगळे. तत्त्व 6 मध्ये वीज, पाणी, उत्सर्जन, कचरा. तत्त्व 8 मध्ये लघुउद्योगांकडून खरेदी किती.

हे वाचताना दोन सापळे आहेत. पहिला तीव्रतेचा. कंपनी अभिमानाने लिहिते की दर रुपया उलाढालीमागे पाण्याचा वापर 18 टक्क्यांनी घटला. त्या वर्षी उत्पादनाचे भाव 25 टक्क्यांनी वाढले असतील तर पाणी एक थेंबही न वाचवता हा आकडा घटतो. म्हणून टनामागे किती हे बघा. कंपनीने दिलं नसेल तर एकूण वापराला उत्पादनाने स्वतः भागा. दुसरा सापळा कंत्राटी कामगारांचा. कायम कामगारांमध्ये वर्षात शून्य अपघात, पण कारखान्यातले 60 टक्के हात कंत्राटी असतील आणि त्यांचे आकडे मोजलेलेच नसतील, तर त्या शून्याला अर्थ नाही. विभाग अ मध्ये कायम आणि इतर कामगारांची संख्या दिलेली असते, ती अपघाताच्या तक्त्याशेजारी ठेवा.

आणि अहवालाबाहेर एक फेरी मारा. कंपनीचे कारखाने कुठल्या औद्योगिक वसाहतीत आहेत ते लिहून काढा आणि त्या गावाचं नाव राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांत शोधा. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या सांडपाण्याचं प्रकरण तिथे गाजलेलं आहे. त्या वसाहतीत कारखाना असलेली कंपनी घेत असाल तर आदेशात तिचं नाव आहे का आणि ताळेबंदातल्या संभाव्य देण्यांत त्याची रक्कम धरलीय का, दोन्ही बघायला हवं. स्थानिक मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या इथे फार उपयोगी पडतात. मासे मेल्याची बातमी तिथे आधी येते आणि रेटिंगमध्ये, आलीच तर, वर्षभराने.

लघुउद्योगांच्या देण्यांचा तक्ताही चुकवू नका. लेखी करार असला तरी कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत त्यांचे पैसे द्यायचे असतात. देण्यांच्या वयोमानाच्या तक्त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ओळ वेगळी असते. तिथे वर्षाहून जुनी थकबाकी असेल तर ती रोख प्रवाहाच्या आकड्याला सूज आणते आणि कंपनीचा स्वभावही सांगते. ज्या प्रमोटरला वर्कशॉपवाल्याचं बिल थकवायला काही वाटत नाही, त्याला शंभर शेअरवाल्याचं काय वाटणार? 'जबाबदार' गुंतवणूक आणि 'फायद्याची' गुंतवणूक हे दोन वेगळे अभ्यास आहेत असं मी मानत नाही ते याच कारणाने. दोन्ही उत्तरं एकाच टिपांमध्ये सापडतात.

भाव मात्र खरंच वेगळा अभ्यास आहे, आणि स्वच्छ कंपन्या शोधणारे लोक इथेच जास्त मार खातात. सगळ्यांना आवडणारी कंपनी महाग असते. गणित करून बघा. नफा 100 कोटी, बाजारमूल्य 6,000 कोटी, म्हणजे पीई (बाजारमूल्य भागिले वर्षाचा नफा) 60. नफा सलग दहा वर्षं 15 टक्क्यांनी वाढला, जे फारच थोड्यांना जमतं, तर तो 405 कोटी होतो. तोवर कंपनी मोठी होऊन पीई 25 वर आला तर बाजारमूल्य सुमारे 10,100 कोटी. दहा वर्षांचा परतावा दरसाल 5.4 टक्के, अधिक थोडाफार लाभांश. कंपनीने काही चुकवलं नाही, मुदत ठेव तरीही पुढे गेली. विकत घेण्याआधी हे पाच ओळींचं गणित प्रत्येक वेळी कागदावर करा, वाढीचा दर आणि शेवटचा पीई दोन्ही कंजूषपणे धरून. 12 टक्के निघत नसतील तर कंपनी यादीत ठेवा आणि वाट बघा. मार्च 2020 मध्ये निफ्टी दोन महिन्यांत 12,400 वरून 7,500 पर्यंत आला तेव्हा ज्यांच्याकडे अभ्यास केलेली यादी तयार होती त्यांना काय घ्यायचं हा प्रश्न पडला नाही.

बांधणीबद्दल फार लिहीत नाही. बारा ते अठरा कंपन्या, सुरुवातीला कोणत्याही एकीत 6-7 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, एका क्षेत्रात 25 टक्क्यांच्या आत. ईएसजीच्या चाळणीतून बँका आणि आयटी जास्त शिल्लक राहतात, म्हणून क्षेत्राची मर्यादा खरोखर पाळा. एका कंपनीची रक्कम तीन भागांत, मधे एकेक तिमाही निकाल जाऊ देऊन घाला. 20 लाख एका वर्षात लागलेच पाहिजेत असं काही नाही. तोवर ते लिक्विड फंडात असू देत.

मताधिकाराकडे बहुतेक किरकोळ गुंतवणूकदार ढुंकूनही पाहत नाहीत. वार्षिक सभेची सूचना किमान 21 दिवस आधी ईमेलवर येते. त्यातल्या कट-ऑफ तारखेला शेअर तुमच्या नावावर असले की डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या दोन संस्थांच्या, म्हणजे एनएसडीएलच्या आयडियाज किंवा सीडीएसएलच्या ईझी लॉगिनमधून मत देता येतं. ई-मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला बंद होतं. एका कंपनीला दहा मिनिटं पुरतात. कशाविरुद्ध मत द्यायचं? संचालक मंडळाच्या सभांना सतत गैरहजर राहणाऱ्या स्वतंत्र संचालकाची फेरनियुक्ती. नफा घटत असताना प्रमोटरची पगारवाढ. प्रमोटरला स्वस्तात वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) देण्याचा ठराव. त्यात सुरुवातीला फक्त 25 टक्के रक्कम भरून 18 महिने थांबायची मुभा असते, म्हणजे भाव वर गेला तर घ्यायचं, नाही तर तेवढी रक्कम सोडून द्यायची. आणि कारण न समजावता आलेला संबंधित पक्षाचा व्यवहार.

माझ्या शंभर शेअरने काय होणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण विशेष ठरावाला 75 टक्के मतं लागतात. ऑगस्ट 2021 मध्ये आयशर मोटर्सचा तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्ती आणि मानधनाचा ठराव सुमारे 73 टक्के पाठिंबा मिळूनही पडला. कंपनीने मानधनाची कमाल मर्यादा खाली आणून पुन्हा मत घेतलं. संबंधित पक्षाच्या ठरावात तर प्रमोटरला मंजुरीचं मत देताच येत नाही. मे 2024 मध्ये नेस्ले इंडियाने मूळ कंपनीला जाणारी रॉयल्टी 4.5 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 5.25 टक्क्यांवर न्यायचा ठराव आणला, तो भागधारकांनी फेटाळला. वजन अर्थात मोठ्या फंडांचं असतं. म्हणून दुसरं एक काम करा: म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर दिलेलं मत कारणासकट आपल्या संकेतस्थळावर टाकावं लागतं. तुमच्याकडच्या कंपन्यांत त्यांनी 'विरोधात' मत दिलंय त्या ओळी वाचा. गव्हर्नन्सचं असं फुकट शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही. आणि उद्या ईएसजी फंड घ्यायचं ठरवलंत, तरी नावापेक्षा ही मतांची यादीच बघून निवडा.

विकण्याचा नियम घेतानाच लिहून ठेवा. आकड्यांवर किंवा मालकावर विश्वास उडाला तर त्याच दिवशी, तोटा असला तरी. धंदा मंदावला असेल तर चार ते सहा तिमाही थांबायला हरकत नाही. भाव वेड्यासारखा वाढून वरचं गणित 5-6 टक्क्यांवर आलं तर निम्मे. प्रदूषण किंवा अपघाताचं प्रकरण असेल तर कंपनी काय करते ते पाहा: कारण जाहीर केलं, खर्च केला, पुढच्या बीआरएसआरमध्ये आकडा सुधारला, तर थांबा, पुढच्या अहवालातून तो तक्ताच गायब झाला तर निघा. उगाच उलाढाल महाग पडते: वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के कर, वर्षानंतर 12.5 टक्के, शिवाय डिलिव्हरीत घेताना आणि विकताना प्रत्येकी 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर). परतावा मोजताना एक्सआयआरआर (वेगवेगळ्या तारखांना घातलेल्या पैशांवरचा वार्षिक परतावा) काढा आणि त्याच तारखांना तीच रक्कम निफ्टी 500 च्या टीआरआयमध्ये (लाभांश धरून मोजलेला निर्देशांक) घातली असती तर काय झालं असतं त्याच्याशी तुलना करा. पाच वर्षं सलग मागे असाल तर नवीन पैसे इंडेक्सकडे वळवा.

राहिले वडिलांचे शेअर. ते अजून त्यांच्याच नावावर असतील तर आधी ट्रान्समिशन, म्हणजे शेअर वारसाच्या नावावर करण्याची प्रक्रिया, करून घ्या. नामनिर्देशन असेल तर मृत्यू दाखला आणि अर्जावर काम होतं, नसेल तर कागदपत्रं वाढतात. वारसा मिळताना कर लागत नाही. विकताना खरेदीची तारीख आणि किंमत वडिलांची धरली जाते, आणि खरेदी 31 जानेवारी 2018 पर्यंतची असेल तर त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, अट एवढीच की तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त नसावा. समजा तो भाव 280 आणि आज 410 आहे, तर शेअरमागे करपात्र नफा 130. वर्षाला 1.25 लाखांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, म्हणजे या भावाने 961 शेअर बिनकराचे निघतात. 2,500 शेअर असतील तर एक भाग आता, दुसरा एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागल्यावर, तिसरा त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये. दुसऱ्या शेअरवरचा नफाही याच 1.25 लाखांत मोजला जातो हे विसरू नका. मधल्या काळात बोनस मिळाला असेल किंवा एखादा विभाग वेगळी कंपनी होऊन बाहेर पडला असेल तर मूळ किंमत त्याप्रमाणे विभागावी लागते. तेवढ्यापुरतं सीएला विचारा, आणि जाताना वडिलांच्या जुन्या ब्रोकरच्या पावत्या सापडतील तेवढ्या घेऊन जा.